टर्बोची शिट्टी आणि कितामुरा-सानचं बोट

डोंगर चढणाऱ्या स्नोमोबाइलच्या मागच्या सीटवर, पाठीला लॅपटॉपची सॅक बांधून बसलेली पेंडश्यांच्या घरातली मी पहिली सून. शेवटचीही असेन. माझी नणंद आजही सगळ्यांना सांगते, "वहिनी जपानला कॉम्प्युटरमध्ये होती." अहो, होतेच! पण तो कॉम्प्युटर एका इंजिनाला बांधलेला होता आणि ते इंजिन कंबरभर बर्फात उभं होतं. हे तिला कितीदा सांगितलं, पण ती आपली "हो का, चहा टाकू का?" म्हणते. म्हणून आता लिहूनच काढते.

त्या काळी पुण्याहून जपानला माणसं नुसती धो धो जात होती. बहुतेक जण बँकांच्या नाहीतर टेलिफोन कंपन्यांच्या सॉफ्टवेअरवर. मी मात्र इंजिनं चालवणाऱ्या प्रोग्रॅममधली. घर तोक्योच्या कोतो भागात, नवरा तिथेच एका ट्रेडिंग कंपनीत, मुलगी इरा सात वर्षांची. माझं ऑफिस त्सुकुबाला. रोज सायकल, मग ती नवी झपाट्याची ट्रेन. आणि हिवाळा आला की सेंदाईच्याही पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, कंपनीच्या टेस्ट गॅरेजमध्ये तीन-तीन आठवडे मुक्काम. तिथे मी टर्बोचं बूस्ट प्रेशर लावायचे.

थांबा, घाबरू नका. सगळं सोपं आहे.

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटारसायकल समजा. पुढे चाकांऐवजी दोन पट्ट्या घसरतात, मागे रबराचा रुंद पट्टा फिरतो. डोंगरावर जितकं वर जावं तितकी हवा विरळ, आणि हवा कमी पडली की इंजिन आपल्यासारखंच धापा टाकतं. म्हणून टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, त्याच दांडीवरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हा दाब म्हणजे बूस्ट. कमी पडला तर मशीन चढत नाही, जास्त झाला तर इंजिन फुटतं. म्हणून टर्बोच्या पोटात एक छोटं दार असतं. दाब वाढला की दार उघडतं, धूर बाजूने निघून जातो, पंखा मंदावतो. कुकरची शिट्टी, दुसरं काही नाही! त्या दाराला दाब किती झालाय हे कळवायला करंगळीपेक्षा बारीक एक रबरी नळी असते, आणि नळीच्या वाटेत एक विजेवरचा व्हॉल्व्ह. तो व्हॉल्व्ह माझा प्रोग्रॅम चालवायचा. दाराला ओढून धरणाऱ्या दांड्याचा स्क्रू मात्र पान्याने फिरवायचा. एक आटा घट्ट केला की दार जरा उशिरा उघडतं. मी कीबोर्डने लावायचे, कितामुरा-सान पान्याने.

कितामुरा-सान (सान म्हणजे आपलं 'जी') मेकॅनिकही होते आणि टेस्ट रायडरही. साठीला टेकलेले, मार्चमध्ये रिटायर होणार. घर त्याच डोंगराखालच्या गावात. गावच्या बचाव पथकात ते तरुणपणापासून होते. खिंडीपलीकडे कुणी अडकलं, कुणाचा पाय मोडला, की हे लोक पायात बर्फात न रुतणाऱ्या चपट्या जाळ्या बांधून चालत वर जायचे आणि माणसाला घसरगाडीवर बांधून ओढत आणायचे. बिनटर्बोचं मशीन ती घसरगाडी घेऊन खिंड चढू शकत नव्हतं. टर्बोचं चढेल, अशी त्यांना खात्री होती. "रिटायर व्हायच्या आधी एकदा खिंडीवर पोचलेलं बघायचंय," एवढंच ते म्हणाले होते. एरवी ते फार कमी बोलायचे.

एका गोष्टीत मात्र त्यांचं तोंड थांबायचं नाही. मशीन सुरू करायच्या आधी ते प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवायचे, हात पूर्ण ताणून, आणि मोठ्याने ओरडायचे. "दांडा, योशी! नट, योशी! नळी, योशी!" योशी म्हणजे ठीक आहे. प्रत्येक नटवर त्यांनी पांढऱ्या रंगाच्या पेनाने रेघ ओढलेली असायची, अर्धी नटवर, अर्धी खालच्या पत्र्यावर. नट जरा जरी सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते. पहिल्या दिवशी मला इतकं हसू आलं! आमची इरा स्टेशनवरच्या गार्डला बघून घरात अस्संच करायची, "दार, योशी! बूट, योशी!" साठ वर्षांचा माणूस तेच करतोय म्हटल्यावर मी मफलर तोंडात कोंबला.

"पेंदोसे-सान, तुम्हीपण करा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी पेंडसेचं पेंदोसे व्हायचं. "फाइलचं नाव, योशी. व्हर्जन, योशी."

"मी मनातल्या मनात करते," मी म्हणाले.

"मनातलं कानाला ऐकू येत नाही."

मी मान हलवली आणि सोडून दिलं. एवढ्या शिकलेल्या बाईने लॅपटॉपकडे बोट दाखवून ओरडायचं? छे!

पहिले तीन दिवस तर मी हवेतच होते. काय सांगू तुम्हाला, तो आवाज! आधी घुरघुर, मग टर्बो जागा झाला की एक बारीक, चढत जाणारी शीळ, आणि ते सातशे पौंडी धूड ससा उडावा तसं उतारावरून वर! माझ्या टेबलात मी एक आकडा बदलायचे आणि समोरचा डोंगर जणू बुटका व्हायचा. बँकेच्या सॉफ्टवेअरवाल्या मैत्रिणींना मी फोन करून करून पिडलं होतं.

चौथ्या दिवशी घात झाला. पहिले तीन दिवस खालच्या चढांवर चाचण्या झाल्या, आता खिंडीचा रस्ता ठरला होता. गॅरेजमधून निघायचं, अर्ध्या डोंगरावर बचाव पथकाची लाकडी खोली होती तिथे थांबून थर्मासमधला चहा घ्यायचा, मग शेवटचा उभा चढ, वर खिंड. चहा पिऊन कितामुरा-सान चढाला लागले आणि अर्ध्यावर बूस्ट एकदम वर उसळलं. इंजिन वाचवण्यासाठी माझ्या प्रोग्रॅमने पेट्रोल तोडलं. मशीन उभ्या चढावर जागच्या जागी थांबलं आणि मागे घसरायला लागलं. कितामुरा-सानांनी ते आडवं करून कसंबसं आवरलं.

खाली गॅरेजमध्ये आणून पाहिलं, तर सगळं ठणठणीत. मी ग्राफ उघडला. माझा प्रोग्रॅम तर दाराला सांगत होता, उघड, पूर्ण उघड! आणि तरी दाब वाढत होता. असं कसं होईल? होऊच शकत नाही. म्हणजे दाब वाढलाच नसणार, सेन्सर खोटं बोलत असणार. थंडीत सेन्सर नाटकं करतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. माझ्या प्रोग्रॅमवर माझा इतका विश्वास होता की बाकी सगळं जग मला लबाड वाटत होतं. मी काय केलं, तर पेट्रोल तोडायच्या आधी प्रोग्रॅमने जरा जास्त वेळ वाट बघावी, असं लावलं. सेन्सरने एखादा आकडा उगाच फेकला तर दुर्लक्ष व्हावं म्हणून. मग मशीनपाशी गेले आणि म्हणाले, "झालं."

"झालं?" कितामुरा-सानांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हेल्मेट चढवलं.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर, त्याच चढावर, तेच झालं. फक्त आता माझ्या प्रोग्रॅमने वाट बघितली, त्यामुळे दाब आणखी चढला, मशीन आणखी जोरात निघालं आणि मग पेट्रोल तुटलं. मी खालून दुर्बिणीतून बघत होते. मशीन कलंडलं, एकदा उलटलं, आणि निळ्या जॅकेटमधला तो माणूस बाजूला फेकला गेला. माझ्या हातातून दुर्बीण पडली. ते उठून हात हलवेपर्यंत मी ती उचललीही नाही.

खांदा दुखावला होता. डावा हात वर जात नव्हता. खाली आल्यावर त्या माणसाने काय करावं? माझ्यापुढे कमरेत वाकून म्हणाले, "माफ करा. मशीनला माझ्यामुळे खरचटलं."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. आणि तरीसुद्धा, बघा माणूस कसा असतो, मी तोंडातून अक्षर काढलं नाही. चूक माझी, हे दोन शब्द मराठीत जमत नव्हते, तर जपानीत कुठून जमणार?

संध्याकाळी आमचे साहेब मोरी-सान गॅरेजमध्ये आले. अतिशय सभ्य माणूस, आणि म्हणून जास्त भीतिदायक. ते म्हणाले, "शुक्रवारी मुख्य ऑफिसातून मंडळी येतील. तोपर्यंत मशीन खिंडीवर पोचलं नाही, तर आपण टर्बोचा विचार सोडून देऊ." आज मंगळवार होता. कितामुरा-सान खांद्याला औषधाची पट्टी लावत बसले होते. भिंतीवर पथकाची जुनी लाकडी घसरगाडी टांगलेली होती, तिच्याकडे बघत राहिले.

घरी फोन करून काय झालं ते सांगितलं. इराने विचारलं, "आई, रायडर-सान ठीक आहेत का?" तेही जपानीत. मी हो म्हणून फोन ठेवला आणि मेतकूट-भात समोर घेऊन नुसती बसून राहिले.

बुधवारी सकाळी मी कितामुरा-सानांना म्हणाले, "मला वर घेऊन चला."

"तुम्हाला?"

"मागच्या सीटवर. काय होतंय ते तिथे बघितल्याशिवाय मला कळणार नाही."

त्यांनी डोळे बारीक केले आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसले. मग मला हेल्मेट शोधून दिलं. लॅपटॉप थंडीत मरू नये म्हणून त्याला अंगाला लावायच्या गरम पुड्या चिकटवल्या, सॅकमध्ये घातला, केबल इंजिनाला जोडली. आणि निघालो!

बाई गं! आयुष्यात इतकी कधी ओरडले नाही. बर्फ तोंडावर, झाडं दोन्हीकडून धावत येताहेत, कितामुरा-सानांच्या खांद्यावरून मला हँडलवरचं प्रेशर मीटर दिसतंय, काटा चढतोय आणि बरोब्बर मी सांगितलेल्या आकड्यावर येऊन थांबतोय. वळणावर मी डावीकडे झुकायचं की उजवीकडे तेच विसरले आणि कितामुरा-सान ओरडले, "बटाट्याचं पोतं व्हा! नुसतं पोतं!" मी पोतं झाले. इतकी खुशाल पोतं आयुष्यात दुसऱ्यांदा झाले नाही.

लाकडी खोलीपाशी थांबलो. थर्मामीटर उणे सोळा दाखवत होता. चहा प्यायलो. आणि थर्मास झाकताना माझ्या डोक्यात आलं की दोन्ही वेळा चहानंतर झालं होतं. चहाच्या आधी कधीच नाही. म्हणजे मशीन इथे उभं राहतं तेव्हाच काहीतरी होतं.

वरचा चढ समोर उभा होता. कितामुरा-सानांचा डावा हात अजून धड वर जात नव्हता. मला खरं सांगायचं तर भीती वाटली. आणि त्या भीतीने मी असं काही म्हणाले, जे एरवी कधी म्हटलं नसतं.

"कितामुरा-सान, ते तुमचं बोट दाखवणं. ते इथे करू या का?"

ते हळूच म्हणाले, "इतकी वर्षं मी ते फक्त गॅरेजमध्ये केलंय. निघताना एकदा. इथे कधी केलं नाही."

त्यांनी इंजिनावरचं झाकण उघडलं. ग्लोव्ह घातलेलं बोट ताणलं. "नट, योशी!" रेघ जागेवर होती. "दांडा, योशी!" मीही बोट ताणलं. त्या सुनसान डोंगरावर आम्ही दोघं ओरडत होतो आणि आवाज पलीकडच्या कड्यावरून परत येत होता. "व्हॉल्व्ह, योशी! नळी..."

नळीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ग्लोव्ह काढला आणि नळी चिमटीत धरली. मग माझं बोट धरून तिथे टेकवलं. वर नळी मऊ होती. खाली, जिथे ती झोक्यासारखी लोंबत होती, तिथे काडीसारखी कडक.

त्यांनी नळी काढून उलटी केली, फुंकली. हवा जाईना. मुठीत धरून ऊब दिली, पुन्हा फुंकली, आणि बर्फाचा एक खडा बाहेर पडला. तांदळाच्या दाण्याएवढा! दाबलेल्या हवेतलं बाष्प, मशीन उभं राहिलं की नळीत थंड होऊन पाणी व्हायचं, लोंबत्या जागी साठायचं, आणि आम्ही चहा पिईपर्यंत गोठायचं. मग दाराला दाबाचा निरोपच पोचायचा नाही. कुकरच्या शिट्टीत शीत अडकावं तसं. आणि खाली उबदार गॅरेजमध्ये आणेपर्यंत वितळून सगळं साफ, योशी!

सेन्सर बिचारा खरंच बोलत होता. मी त्याला लबाड ठरवलं होतं.

"सापडलं!" मी चक्क मराठीत ओरडले आणि उड्या मारायला लागले. मांडीपर्यंत बर्फात रुतले. कितामुरा-सान मला बाहेर ओढत होते आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो.

गुरुवारचा दिवस कसा गेला कळलं नाही. त्यांनी नळी आखूड केली, कुठेही लोंबणार नाही अशी उतरती बसवली, गरम पाइपाच्या शेजारून नेली, वर कापडाची पट्टी गुंडाळली. मी माझं वाट बघणं काढून टाकलं. शिवाय दाब वाढला तर एकदम पेट्रोल तोडायचं नाही, आधी ठिणगी उशिरा पाडून जोर हळूहळू उतरवायचा, अगदीच नाइलाज झाला तर तोडायचं, असं नवीन लिहिलं. म्हणजे चढावर असलेल्या माणसाला सावरायला वेळ मिळेल. हे खरं तर पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मी इंजिन वाचवत होते, त्यावर बसलेला माणूस माझ्या ग्राफमध्ये कुठे दिसतच नव्हता.

शुक्रवारी मुख्य ऑफिसातली पाच मंडळी काळे कोट घालून बर्फात उभी होती. मोरी-सान घड्याळ बघत होते. मशीनच्या मागे पथकाची घसरगाडी बांधली होती, तिच्यावर माणसाच्या वजनाची वाळूची पोती. कितामुरा-सानांनी त्यांची सगळी यादी ओरडून संपवली आणि माझ्याकडे बघितलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी हात ताणला, लॅपटॉपकडे बोट केलं आणि पुणेरी जपानीत खच्चून ओरडले, "फाइल, योशी! व्हर्जन, योशी!"

काळ्या कोटांपैकी एकाने मान डोलावली. कितामुरा-सान निघाले.

लाकडी खोलीपाशी ते थांबले. रेडिओवरून चहा ओतल्याचा आवाज आला, शपथ! पुरेसा वेळ, मुद्दाम जास्तच वेळ थांबले. मग रेडिओतून खरखरत आलं, "नट, योशी. दांडा, योशी. नळी..." मी रेडिओला कान लावला. "नळी, योशी!"

मशीन चढाला लागलं. आधी घुरघुर, मग शीळ. अर्धा चढ. त्या जागेपाशी आलं, जिथे ते उलटलं होतं, आणि जराही न डळमळता पुढे गेलं. मागे घसरगाडी, तिच्यामागे बर्फाचा फवारा. खिंडीच्या टोकावर तो निळा ठिपका थांबला, उतरला आणि दोन्ही हात वर केले. डावासुद्धा! मी मोरी-सानांचा हात धरून गदागदा हलवत होते, जपानमध्ये असं करत नाहीत हे मला नंतर आठवलं. ते बिचारे "हाय, हाय", म्हणजे हो, हो, म्हणत हलत होते.

मंडळी गेल्यावर गॅरेजमध्ये आम्ही दोघंच होतो. कितामुरा-सान नटांवर नव्या रेघा ओढत होते. चार दिवस न बोललेलं मी एकदाचं बोलून टाकलं. "त्या दिवशी मी 'झालं' म्हणाले, तेव्हा मला माहीत नव्हतं काय झालंय ते. मी नुसता अंदाज केला होता. चूक माझी. तुमचा खांदा माझ्यामुळे गेला."

ते रेघ ओढत राहिले. "माहीत आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे?"

"तुम्ही म्हणालात झालं, पण नजर वर केली नाहीत."

मला रागच आला. "मग बसलात कशाला?"

त्यांना प्रश्नच कळला नसावा असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणालात ना, झालं म्हणून."

मी पाठ फिरवून केबल गुंडाळायला लागले, एकच केबल तीनदा गुंडाळली. वळून बघते तर ते वाकून माझ्या लॅपटॉपच्या बिजागरीच्या स्क्रूवर पांढरी रेघ ओढत होते.

मार्चमध्ये ते रिटायर झाले. पुढच्या हिवाळ्यात पथकाला ते मशीन मिळालं. नववर्षाच्या कार्डावर त्यांनी फोटो पाठवला होता, खिंडीवर मशीन, मागे घसरगाडी, गाडीत पांघरुणात गुंडाळलेल्या एक आजी, पाय मोडलेल्या, पण हसणाऱ्या. खाली लिहिलं होतं, "चहा पिऊन निघालो."

त्यानंतर मी बरीच वर्षं काम केलं. पुण्यात टीम होती माझी. रिलीजच्या दिवशी कुणी "झालं, मॅडम" म्हणालं की मी म्हणायचे, बोट दाखव. पोरं हसायची, मफलर नसल्यामुळे उघडउघड. मी दाखवल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाही.

तो लॅपटॉप आता सुरू होत नाही. मुलगी म्हणते, भंगारात दे. परवा कपाट आवरताना काढला, बिजागरीवरची धूळ पुसली. रेघ तशीच आहे, अर्धी स्क्रूवर, अर्धी पत्र्यावर, कुठेही तुटलेली नाही. घरात कुणी नव्हतं. मी हात ताणून बोट दाखवलं आणि मोठ्याने म्हणाले.